पालक : पानातला आणि अंगी लागणारा

भाजीबाजारात ‘पालक’ या एकाच नावाने दोन वेगळ्या वनस्पती विकल्या जातात. पहिली स्पिनॅशिया ओलेरेशिया. जगभरच्या आहारशास्त्राच्या पुस्तकांत जिचे गुण सांगितलेले असतात ती हीच. बियाणे विक्रेते तिला विलायती पालक म्हणतात. दुसरी बीटा व्हल्गॅरिस या जातीचा बेंगालेन्सिस हा प्रकार, म्हणजे लाल बीटाचे कंद न धरणारे भावंड. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने प्रसारित केलेले ‘पुसा ऑल ग्रीन’, ‘पुसा ज्योती’, ‘पुसा हरित’ हे वाण या दुसऱ्या पालकाचे आहेत. एकदा पेरला की त्याची अनेकदा कापणी करता येते, आणि विलायती पालकापेक्षा ऊनही तो बरे सोसतो. त्यामुळे महाराष्ट्रातल्या घरांत जुडी येते ती बहुधा या देशी पालकाची. पूर्वी दोघेही चाकवताच्या कुळात गणले जात. नव्या वर्गीकरणात ते कुळच राजगिऱ्याच्या कुळात सामावले गेले आहे. माठ, राजगिरा, चाकवत, बीट आणि दोन्ही पालक ही अशी एका गोतातली मंडळी आहेत. त्यांच्या गुणदोषांचे वळणही सारखेच आहे: भरपूर कॅरोटीन, बऱ्यापैकी लोह आणि त्याबरोबर ऑक्झलेट. पुढे दिलेले आकडे मुख्यतः पहिल्या पालकाचे आहेत. देशी पालक त्यांच्या आसपास बसतो, तंतोतंत जुळत नाही.

विलायती म्हटला जाणारा हा पालक मुळात इराणच्या बाजूचा आहे. त्याचे रानटी नातलग आजही मध्य आशियात आणि कॉकेशसच्या परिसरात उगवतात. इ. स. ६४७ मध्ये तो नेपाळमार्गे चिनी दरबारात पोहोचल्याची नोंद आहे, आणि चिनी भाषेतल्या त्याच्या नावात पर्शियाचा उल्लेख अजून टिकून आहे. अरबांनी तो स्पेनमध्ये नेला. बाराव्या शतकात सेव्हिलच्या इब्न अल्-अव्वाम या कृषिशास्त्रज्ञाने आपल्या ग्रंथात त्याला पालेभाज्यांचा म्होरक्या म्हटले. मराठी ‘पालक’ हा शब्द मात्र संस्कृत ‘पालक्या’वरून आलेला आहे.

शंभर ग्रॅम कच्च्या पालकात सुमारे ९१ ग्रॅम पाणीच असते. म्हणूनच कढईत डोंगराएवढी दिसणारी जुडी पाच मिनिटांत वाटीभर होते. त्या शंभर ग्रॅमांतून अवघे २३ किलोकॅलरी मिळतात. प्रथिने जेमतेम तीन ग्रॅम आणि तंतू दोन ग्रॅमांच्या थोडे वर. लोह साधारण ३ मिलिग्रॅम, कॅल्शियम १०० मिलिग्रॅमच्या जवळ, मॅग्नेशियम ८० आणि पोटॅशियम साडेपाचशेच्या आसपास. क जीवनसत्त्व २८ मिलिग्रॅम, फोलेट सुमारे १९० मायक्रोग्रॅम, बीटा-कॅरोटीन साडेपाच मिलिग्रॅमहून थोडे जास्त, आणि के जीवनसत्त्व जवळपास ४८० मायक्रोग्रॅम. इतक्या कमी उष्मांकात इतके देणाऱ्या भाज्या फार नाहीत. मात्र हे आकडे पानात काय आहे तेवढेच सांगतात. खाल्लेले सगळे अंगी लागत नाही. कोणता घटक किती लागतो हे त्या घटकाच्या रासायनिक स्वभावावर, ताटातल्या शेजाऱ्यांवर आणि शिजवणाऱ्या हातावर अवलंबून असते. पालकाच्या बाबतीत हा फरक इतका मोठा आहे, की तो वगळून केलेली पालकाची स्तुती अर्धवट ठरते.

सर्वांत मोठा गैरसमज लोहाचा आहे. पालकात भरमसाट लोह असते, ही कल्पना विसाव्या शतकात घट्ट रुजली आणि तिच्याभोवती एक कहाणीही तयार झाली. एका जर्मन शास्त्रज्ञाने दशांशचिन्ह चुकीच्या जागी दिले, लोह दहापट झाले आणि त्यातून पालक खाऊन बलवान होणारा पोपाय हा व्यंगचित्रातला नायक जन्माला आला, अशी ती कहाणी. १९८१ साली एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात ती छापली गेली आणि पुढे विद्वानांच्या लेखांतही फिरत राहिली. मूळ कागद तपासणाऱ्यांना मात्र दशांशचिन्हाच्या चुकीचा पुरावा मिळाला नाही. एल्झी सेगारने रेखाटलेला पोपाय १९२९ मध्ये अवतरला, आणि १९३२ च्या एका चित्रपट्टीत तो पालक खाण्याचे जे कारण देतो ते अ जीवनसत्त्वाचे आहे. लोहाचे नावही तिथे नाही. टेक्सासमधल्या क्रिस्टल सिटीच्या पालक-उत्पादकांनी १९३७ साली त्याचा पुतळा उभारला. चुकीचे खंडन करणारी गोष्टही चुकीची असू शकते, याचा हा चांगला नमुना आहे.

प्रत्यक्षात पालकातले लोह ना नगण्य आहे, ना अफाट. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ स्त्रीला रोज २९ मिलिग्रॅम लोह लागते. शंभर ग्रॅम पालक त्याचा दहावा हिस्सा देतो, आणि तोही कागदावर. वनस्पतींतले लोह मांस-मासळीतल्या लोहासारखे सहज शोषले जात नाही. पालकातली पॉलिफेनॉल द्रव्ये ते धरून ठेवतात. ऑक्झलेटचा त्यात किती हात आहे, यावर संशोधकांचे एकमत नाही. शेवटी रक्तात उतरतो तो फार छोटा भाग. क जीवनसत्त्व सोबत असेल तर लोहाचे रूप बदलते आणि शोषण वाढते. पालकाचे स्वतःचे क जीवनसत्त्व शिजताना बरेचसे जाते, म्हणून भाजी उतरवल्यावर वर लिंबू पिळणे किंवा जेवणात आवळा, पेरू, कच्चा टोमॅटो असणे उपयोगी पडते. उलट जेवणावर लगेच घेतलेला चहा त्याच लोहाला आतड्यात अडवतो. भाजी बदलण्याइतकेच चहाची वेळ तासाभराने पुढे ढकलणेही महत्त्वाचे आहे, हे फारसे कुणी सांगत नाही.

हे स्पष्ट बोलणे गरजेचे आहे, कारण प्रश्न गंभीर आहे. २०१९–२१ च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयोगटातल्या देशातल्या ५७ टक्के आणि महाराष्ट्रातल्या सुमारे ५४ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. गरोदर स्त्रीला सरकारी दवाखान्यातून जी लोहाची गोळी मिळते, तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह असते. तेवढे लोह पालकातून घ्यायचे तर दिवसाला दोन किलो पाला लागेल, आणि तरी शोषणात तो मागेच राहील. गोळीने मळमळते म्हणून ती ठेवून देऊन पालकाचे सूप पिणे हा अनेक घरांतला प्रकार त्यामुळे खरोखर धोक्याचा आहे. रक्तक्षय झालेला असेल तर पालक गोळीच्या जोडीला असावा, तिच्या जागी नव्हे.

मात्र रक्ताशी पालकाचे एक दुसरे, अस्सल नाते आहे, आणि त्याचा धागा मुंबईतून जातो. १९२८ मध्ये लूसी विल्स या इंग्रज डॉक्टर मुंबईत आल्या. गरोदरपणात होणाऱ्या एका तीव्र रक्तक्षयाचा अभ्यास त्यांना करायचा होता. कापडगिरण्यांत राबणाऱ्या गरीब स्त्रियांत तो विशेष दिसे. त्यात रक्तातल्या तांबड्या पेशी संख्येने कमी आणि आकाराने नको तितक्या मोठ्या होत. विल्स यांनी या स्त्रियांचा आहार तपासला. त्यात भाजी, फळे आणि प्रथिने फार तोकडी होती. प्राण्यांवरच्या प्रयोगांनंतर त्यांनी रुग्णांना यीस्टचा स्वस्त अर्क दिला आणि रक्त झपाट्याने सुधारले. १९३१ मध्ये त्यांनी हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. अर्कात नेमके काय आहे हे तेव्हा माहीत नव्हते, म्हणून त्या अज्ञात द्रव्याला ‘विल्स घटक’ असेच म्हटले जाई. पुढे १९४१ मध्ये टेक्सास विद्यापीठातल्या मिचेल, स्नेल आणि विल्यम्स यांनी सुमारे चार टन पालकातून एक आम्ल वेगळे काढले. ते पानातून निघाले म्हणून, लॅटिनमधल्या पानासाठीच्या ‘फोलियम’ या शब्दावरून, त्याचे नाव फोलिक आम्ल ठेवले गेले. विल्स यांचा घटक याच कुळातला निघाला. परळ-लालबागच्या गिरणगावाची आणि पालकाच्या पानाची अशी एका रेणूत गाठ पडते.

फोलेट, म्हणजे याच आम्लाचे अन्नातले रूप, लागते ते नव्या पेशी घडवताना, डीएनएची प्रत काढण्यासाठी. जिथे पेशी वेगाने वाढतात तिथे त्याची टंचाई आधी जाणवते: रक्त तयार करणारी अस्थिमज्जा आणि गर्भ. गर्भाची चेतानलिका, म्हणजे पुढे मेंदू आणि मज्जारज्जू होणारी नळी, गर्भधारणेपासून चार आठवड्यांच्या आतच मिटते. त्या वेळी बऱ्याच स्त्रियांना दिवस गेल्याचे कळलेलेही नसते. १९९१ मध्ये ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने प्रसिद्ध केलेल्या चाचणीत, आधी असे व्यंग असलेले मूल झालेल्या स्त्रियांना गर्भधारणेच्या आधीपासून फोलिक आम्ल दिल्याने तेच व्यंग पुन्हा होण्याचे प्रमाण ७२ टक्क्यांनी घटले. म्हणून मूल हवे असलेल्या स्त्रीला रोज ४०० मायक्रोग्रॅमची गोळी आधीपासून सुचवली जाते. पालक या कामी चांगला साथीदार आहे. मात्र त्यातले फोलेट नाजूक असते. ते पाण्यात विरघळते. पालक उकळून पाणी ओतून दिले तर जवळपास निम्मे फोलेट मोरीत जाते. वाफवला तर फारसे जात नाही. तोडल्यानंतरही गळती सुरूच असते. शीतकपाटात आठवडाभर ठेवलेल्या पालकात सुरुवातीचे निम्म्याच्या आसपासच फोलेट उरते, आणि बाहेर उष्म्यात हीच घट काही दिवसांतच होते. सकाळी आणलेली जुडी त्याच दिवशी शिजवण्याची जुनी सवय म्हणूनच शास्त्राला धरून आहे.

कॅरोटीनचे गणित याच्या उलट आहे. ते पाण्यात जात नाही. तेल-तूप असल्याशिवाय नीट शोषले जात नाही, आणि पानाच्या पेशी फुटल्याशिवाय बाहेर पडत नाही. शरीर बीटा-कॅरोटीनपासून अ जीवनसत्त्व बनवते. पूर्वी सहा भाग कॅरोटीनचा एक भाग अ जीवनसत्त्व होतो असे धरत. विकसनशील देशांतल्या मुलांवरच्या अभ्यासांत पालेभाज्यांचा परिणाम अपेक्षेपेक्षा कमी दिसल्यावर हे गुणोत्तर बदलले, आणि २००१ पासून बारास एक असे धरले जाते. कात्री लावूनही शंभर ग्रॅम पालक सुमारे ४७० मायक्रोग्रॅम अ जीवनसत्त्व देतो, म्हणजे प्रौढ स्त्रीच्या दिवसाच्या गरजेच्या निम्म्याहून अधिक. त्यासाठी शिजवणे, घोटणे आणि चमचाभर तेलाची फोडणी एवढे पुरते. डाळ आणि बेसन लावून रवीने घोटलेली पालकाची पातळ भाजी या बाबतीत कच्च्या पानांच्या सॅलडपेक्षा सरस ठरते.

हिरव्या रंगाआड पालकात आणखी दोन पिवळी द्रव्ये दडलेली असतात: ल्युटीन आणि त्याचे जुळे झियाझँथिन. डोळ्याच्या पडद्यावर जिथे सर्वांत तीक्ष्ण दृष्टी असते त्या पीतबिंदूत ही दोन्ही साठवली जातात. बिंदूचा पिवळेपणा त्यांचाच. निळा प्रकाश ती गाळून घेतात. शरीर ती स्वतः बनवू शकत नाही, सगळी आहारातून यावी लागतात. १९९४ मध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासात, ही दोन्ही ज्या कॅरोटीनवर्गात मोडतात त्यातली द्रव्ये सर्वांत जास्त खाणाऱ्यांत म्हातारपणी पीतबिंदू झिजण्याचा धोका ४३ टक्क्यांनी कमी आढळला, आणि त्या अभ्यासात पालक व त्याच्यासारख्या गडद पालेभाज्या विशेष ठळक दिसल्या. हा निरीक्षणावरचा निष्कर्ष आहे. भाजी खाणारे लोक इतर बाबतींतही निराळे असतात. तरी हा आजार मध्यम टप्प्यात असलेल्यांना आज ज्या गोळ्या दिल्या जातात त्यांत १० मिलिग्रॅम ल्युटीन असते, आणि शंभर ग्रॅम पालकात ही दोन द्रव्ये मिळून सुमारे १२ मिलिग्रॅम भरतात.

के जीवनसत्त्वाबद्दल थोडक्यात. रक्त गोठण्यासाठी आणि हाडांतल्या काही प्रथिनांसाठी ते लागते, आणि एका वाटी पालकात दिवसाच्या गरजेच्या कितीतरी पट मिळते. हृदयाची कृत्रिम झडप बसवलेले किंवा अन्य कारणाने वॉरफॅरिनसारखे औषध घेणारे रुग्ण पालकाला घाबरतात. कारण हे औषध के जीवनसत्त्वाच्या विरोधातच काम करते. त्यांनी पालक सोडण्याची गरज नसते, प्रमाण स्थिर ठेवण्याची असते. एक आठवडा अजिबात नाही आणि पुढच्या आठवड्यात रोज, हे घातक ठरू शकते. औषधाची मात्रा आहाराला जुळवून ठरवलेली असते, म्हणून खाण्यातला मोठा बदल डॉक्टरांच्या कानावर घालावा.

पालकाची खरी कमकुवत बाजू ऑक्झलिक आम्ल. शंभर ग्रॅममागे त्याचे प्रमाण अनेकदा ६०० ते १००० मिलिग्रॅम असते. पालक खाल्ल्यावर दातांवर येणारा खरखरीतपणा याच आम्लाच्या कॅल्शियमशी झालेल्या क्षारामुळे येतो. अळू खाऊन घसा खवखवतो त्यामागेही हाच क्षार असतो, तिथे तो सुयांसारख्या स्फटिकांत असतो. पानातले कॅल्शियम ऑक्झलेटने असे बांधून टाकल्यामुळे ते अंगी लागत नाही. १९८८ मधल्या एका मोजमापात दुधातले सुमारे २८ टक्के कॅल्शियम शोषले गेले, पालकातले फक्त ५ टक्के. हाडांसाठी पालक खावा, हा सल्ला म्हणूनच टिकत नाही. मेथीत ऑक्झलेट फार कमी असल्याने तिचे कॅल्शियम अधिक उपयोगी पडते.

मुतखड्यांपैकी बहुतेक खडे कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात. निरोगी माणसाला आठवड्यातून दोन-तीनदा पालक खाण्यात धास्ती बाळगण्याचे कारण नाही. ज्याला खडे होऊन गेले आहेत त्याने मात्र तो मोजून आणि नीट शिजवून खावा. भरपूर पाण्यात उकळून पाणी टाकले की विरघळणाऱ्या ऑक्झलेटचा मोठा हिस्सा निघून जातो. त्याच पाण्यात फोलेटही जाते, हे आधी आलेच आहे. इथे दोन्ही हेतू एकदम साधत नाहीत: गर्भवतीने थोड्या पाण्यात वाफवून ते पाणी भाजीतच जिरवावे, खडे होणाऱ्याने पाणी काढून टाकावे. दुसरा उपाय ताटातच आहे. त्याच जेवणात दही, ताक किंवा पनीर असले तर त्यातले कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला धरते आणि ते मूत्रपिंडापर्यंत न जाता शौचावाटे बाहेर पडते. ताकातली पालकाची भाजी आणि पालक-पनीर ही दोन्ही या दृष्टीने शहाणी रचना आहे. तोट्यात जाते ते थोडे लोह. याउलट रोज सकाळी उपाशीपोटी कच्च्या पालकाचा मोठा पेलाभर रस पिण्याची टूम चिंतेची आहे. असे रस दीर्घकाळ घेतल्याने ऑक्झलेट साठून मूत्रपिंडे निकामी होऊ लागल्याची उदाहरणे वैद्यकीय नियतकालिकांत नोंदली गेली आहेत. मूत्रपिंडांचा आजार आधीच असलेल्यांना तर पालकातले पोटॅशियमही जड जाते. संधिवाताच्या गाउट या प्रकारात पालक वर्ज्य सांगितला जातो, पण वनस्पतींतल्या प्युरीनमुळे गाउटचा धोका वाढल्याचे मोठ्या अभ्यासांत दिसलेले नाही.

रक्तदाबाशी पालकाचा संबंध नायट्रेटमधून येतो. पालकात नायट्रेट विपुल असते. तोंडातले जिवाणू त्याचे नायट्राइट करतात आणि शरीरात त्यापासून नायट्रिक ऑक्साइड बनते. रक्तवाहिन्या सैल करणारा हा वायू शरीरात संदेशवाहकाचे काम करतो, या शोधासाठी १९९८ चे वैद्यकातले नोबेल फर्चगॉट, इग्नॅरो आणि मुराद यांना मिळाले. छोट्या चाचण्यांत पालकाचे सूप वा पेय दिल्यावर रक्तदाब काही अंशांनी उतरलेला दिसला आहे. परिणाम खरा आहे, पण माफक. औषध बंद करण्याइतका नाही. जंतुनाशक गुळण्यांनी तोंडातले जिवाणू मारले तर हा परिणाम मंदावतो.

स्मरणशक्तीविषयी शिकागोच्या रश विद्यापीठाचा २०१८ चा अभ्यास नेहमी सांगितला जातो. सरासरी ८१ वर्षांच्या ९६० वृद्धांत रोज एक वाटीच्या आसपास पालेभाजी खाणाऱ्यांची बौद्धिक घसरण बरीच सावकाश झाली. तो अभ्यास फक्त पालकाचा नव्हता आणि कार्यकारण सिद्ध करणाराही नव्हता. कर्करोगाबद्दलचे दावे याहूनही कच्च्या पायावर उभे आहेत.

नायट्रेटची दुसरी बाजू शिळ्या भाजीत दिसते. शिजवलेला पालक उबेत तासन्‌तास राहिला की जिवाणू त्यातल्या नायट्रेटचे नायट्राइट करू लागतात. मोठ्यांना त्याचा सहसा त्रास होत नाही. तान्ह्या मुलांच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता मात्र त्याने घटू शकते. म्हणून सहा महिन्यांच्या आत पालकाचे पाणी किंवा लगदा देऊ नये, आणि त्यानंतरही ताजा शिजवलेलाच द्यावा. भाजी हिरवीगार दिसावी म्हणून चिमूटभर खाण्याचा सोडा टाकण्याची हॉटेली रीत घरी आणू नये. रंग टिकतो, पण क आणि काही ब जीवनसत्त्वे नासतात. झाकण न ठेवता थोडा वेळ शिजवला तरी रंग पुरेसा राहतो.

पालक मातीलगत वाढतो आणि मातीतले व पाण्यातले जे असेल ते पानांवर आणि पानांत घेतो. २००६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या पिशवीबंद कच्च्या पालकातून ई. कोलाय जिवाणूचा प्रादुर्भाव अमेरिकेत पसरला आणि सुमारे दोनशे जण आजारी पडले. कॅडमियमसारखे जड धातू पालक इतर भाज्यांपेक्षा अधिक शोषतो आणि ते धुऊन जात नाहीत. शहरांत नाल्याच्या पाण्यावर वाढवलेल्या पालेभाज्यांबद्दलची काळजी म्हणूनच रास्त आहे. जुडी कुठल्या मळ्यातली, हे विचारण्याची सोय जिथे आहे तिथे विचारावे. पावसाळ्यात पाने चिखलाने माखलेली आणि लवकर सडणारी असतात. थंडीत तीच जाड, गोडसर आणि स्वच्छ मिळतात. जुडी सोडून पिवळी पाने काढावीत, मुळाकडचा भाग छाटावा, पाने अखंड ठेवून भांडेभर पाण्यात बुडवून वर उचलून घ्यावीत, म्हणजे वाळू तळाशी बसते. तळाशी वाळू दिसेनाशी होईपर्यंत तीन-चार पाणी बदलावे आणि मगच पाने चिरावीत; चिरल्यावर धुतली तर वाळूबरोबर क जीवनसत्त्व आणि फोलेटही वाहून जाते.